दुर्बल हृदय आणि पेसमेकर

हृदयाचा ठोका चुकणे ही एक गोष्ट आणि हृदयाचा जोर कमी पडणे ही दुसरी. पहिल्या विकारात हृदयाचे स्नायू धडधाकट असतात, पण त्यांना आकुंचनाची आज्ञा वेळेवर पोहोचत नाही; नाडी मंदावते, मेंदूचा रक्तपुरवठा क्षणभर खंडित होतो आणि माणूस भोवळ येऊन पडतो. दुसऱ्या विकारात आज्ञा वेळच्या वेळी सुटते, ठोकेही पडतात, किंबहुना नेहमीपेक्षा काहीसे अधिकच पडतात. परंतु प्रत्येक ठोक्यासरशी बाहेर फेकले जाणारे रक्त शरीराच्या गरजेला पुरेनासे होते. पेसमेकर नावाचे विद्युत्-यंत्र जन्माला आले ते पहिल्या विकारासाठी. ज्याची नाडी आधीच जलद चालली आहे अशा रोग्याला ठोके पाडणारे यंत्र बसवून काय साधणार, हा प्रश्न साहजिक होता. त्याचे समाधानकारक उत्तर मिळण्यास १९९४ साल उजाडावे लागले. हे उत्तर मिनिटाला पडणाऱ्या ठोक्यांच्या संख्येत नव्हते. ते एकाच ठोक्याच्या पोटात, सेकंदाच्या एक-पंचमांश भागात, दडलेले होते.

थकलेले हृदय

विश्रांतीच्या अवस्थेत प्रौढ माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त शरीरात खेळवते आणि दिवसाकाठी जवळजवळ एक लाख वेळा आकुंचन पावते. त्याचे कप्पे चार. वरच्या दोहोंना अलिंद व खालच्या दोहोंना निलय म्हणतात. काही पाठ्यपुस्तकांत यांनाच कर्णिका आणि जवनिका अशी नावे आहेत. उजवा निलय रक्त फुफ्फुसांकडे ढकलतो. डाव्या निलयाला ते सर्व शरीरभर पोहोचवायचे असते, म्हणून त्याची भिंत सर्वांत जाड असते. रक्ताने भरलेला निरोगी डावा निलयदेखील आकुंचन पावताना पूर्ण रिकामा होत नाही. शंभर भाग रक्तापैकी साधारणपणे पंचावन्न ते सत्तर भाग बाहेर पडतात, बाकीचे आतच राहतात. या प्रमाणाला उत्क्षेप-प्रमाण असे म्हणता येईल.

हृदयविकाराच्या झटक्यात स्नायूचा काही भाग मृत झाला, वर्षानुवर्षे रक्तदाब वाढलेला राहिला, एखादी झडप निकामी झाली, विषाणूंचा संसर्ग झाला किंवा मद्याचा अतिरेक झाला, तर हा स्नायू हळूहळू सैल पडतो. कित्येकदा कारण सापडतही नाही. निलय फुग्यासारखा मोठा होतो, त्याची भिंत पातळ होते आणि उत्क्षेप-प्रमाण पस्तीसच्या, कधी वीसच्याही खाली उतरते. डॉक्टर मंडळी या स्थितीला ‘हार्ट फेल्युअर’ म्हणतात. हृदय बंद पडले असा त्याचा अर्थ मुळीच नव्हे, तरीही हे शब्द कानी पडताच रोग्याच्या घरचे लोक घाबरून जातात. येथे आपण तिला हृदयाची अकार्यक्षमता म्हणू.

रोग्याला हे सर्व कळते ते धापेच्या रूपाने. प्रथम जिना चढताना धाप लागते, मग सपाट रस्त्यावर, मग अंघोळ करताना. रात्री आडवे होताच जीव गुदमरतो, म्हणून एकावर एक उशा रचून बसूनच रात्र काढावी लागते. पाय सुजतात; सुजेवर बोट दाबले तर खळगा पडतो आणि बराच वेळ भरून येत नाही. न्यूयॉर्क हार्ट असोसिएशनने १९२८ मध्ये रोग्यांची विभागणी चार वर्गांत केली. ती आजही सर्वत्र वापरली जाते. पहिल्या वर्गातील रोग्याला रोजच्या हालचालींत काहीही त्रास होत नाही. चौथ्या वर्गातील रोग्याला स्वस्थ बसले असतानाही धाप लागते. लघवी वाढवून अंगातील पाणी कमी करणारी, रक्तवाहिन्यांवरील ताण उतरवणारी आणि हृदयाला अति-उत्तेजनापासून वाचवणारी औषधे हा या रोगाच्या उपचाराचा पाया होय. पेसमेकरचा विचार त्यानंतरचा आहे.

आज्ञेचा प्रवास

उजव्या अलिंदाच्या वरच्या कोपऱ्यात, जेथे ऊर्ध्व महानीला त्यात येऊन मिळते तेथे, काही विशेष पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. इंग्लंडमध्ये आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी १९०७ साली त्याचे वर्णन केले. प्रत्येक ठोक्याची विद्युत्-आज्ञा येथून सुटते. ती अलिंदांत पसरते, अलिंद आकुंचन पावतात आणि आपल्यातील रक्त खाली निलयांत उतरवतात. अलिंद व निलय यांच्या सीमेवर दुसरी एक गाठ आहे. सुनाओ तावारा या जपानी संशोधकाने जर्मनीत काम करीत असताना १९०६ मध्ये ती दाखवून दिली. या गाठीपाशी आज्ञा सेकंदाच्या सुमारे एक-दशांश भागापुरती थबकते. या थांब्यामुळेच निलयांना भरून घेण्यास सवड मिळते.

तेथून पुढे आज्ञा एका जाडसर तंतुगुच्छातून जाते. विल्हेल्म हिस याने १८९३ मध्ये वर्णिलेला हा गुच्छ त्याच्याच नावाने ओळखला जातो. थोड्याच अंतरावर त्याच्या उजवी व डावी अशा दोन शाखा होतात आणि शेवटी पुर्किन्ये तंतूंच्या जाळ्यातून आज्ञा निलयांच्या आतल्या अस्तरभर पोहोचते. या तंतूंतून ती सेकंदाला दोन ते चार मीटर इतक्या वेगाने धावते. साध्या स्नायूतून एका पेशीकडून दुसरीकडे जाताना मात्र तिचा वेग सेकंदाला जेमतेम अर्धा मीटर, फार तर एक मीटर असतो. मोठ्या रस्त्याने गावोगावी एकाच वेळी पोहोचणारा निरोप पाऊलवाटेने घरोघर सांगत नेला तर जे होईल, ते येथे होते. निरोगी हृदयात दोन्ही निलयांच्या सर्व भिंती सेकंदाच्या एक-दशांश भागाच्या आत उद्दीपित होतात. कार्डिओग्रामच्या कागदावर हा काळ एका उंच, निमुळत्या शिखराच्या रुंदीवरून मोजता येतो. या शिखराला क्यूआरएस असे नाव आहे आणि ते काही इंग्रजी शब्दांचे आद्याक्षरी रूप नव्हे. विल्यम आइंटहोव्हेन याने आलेखातील चढ-उतारांना वर्णमालेतील ओळीने येणारी अक्षरे दिली, एवढाच त्याचा अर्थ.

आता डावी शाखा निकामी झाली असे समजू. आज्ञा उजव्या शाखेने उजव्या निलयात वेळेवर पोहोचते, परंतु डाव्या निलयाकडे जाण्यासाठी तिला स्नायूच्या पाऊलवाटेने सरकावे लागते. दोन निलयांमधला पडदा प्रथम आकुंचन पावतो, आणि डाव्या निलयाची बाहेरची भिंत सर्वांत शेवटी. शिखराची रुंदी सेकंदाच्या हजाराव्या भागांत, म्हणजे मिलिसेकंदांत मोजतात. ती १२० मिलिसेकंदांच्या पुढे जाते. कधी दीडशे, कधी दोनशे होते.

दोघे जण मिळून भिजलेली सतरंजी पिळत आहेत, असे दृश्य डोळ्यांसमोर आणावे. दोघांनी एकाच वेळी पीळ दिला तर पाणी धारेने गळते. एकाने पीळ दिला तेव्हा दुसरा हात सैल सोडून उभा असेल आणि दुसऱ्याने द्यावा तेव्हा पहिल्याने सोडला असेल, तर दोघेही दमतात आणि सतरंजी ओलीच राहते. डाव्या शाखेचा रोध असलेल्या हृदयात हेच घडते. पडदा आकुंचन पावतो तेव्हा समोरची भिंत सैल असते, म्हणून ती बाहेर फुगते आणि रक्त महारोहिणीत जाण्याऐवजी निलयातल्या निलयातच सरकते. थोड्या वेळाने बाहेरची भिंत आकुंचन पावते, तोवर पडदा सैल पडलेला असतो. शिवाय द्विदल झडपेला ताणून धरणारे स्नायूही मागेपुढे ओढू लागतात, त्यामुळे झडप नीट मिटत नाही आणि काही रक्त उलट दिशेने अलिंदात शिरते. स्नायू मुळात सशक्त असेल तर माणूस हा तोटा वर्षानुवर्षे सोसतो, त्याला कळतही नाही. दुर्बल स्नायूला मात्र तो सोसत नाही.

उपचारातून उद्भवलेला पुरावा

बाहेरून दिलेल्या विद्युत्-उद्दीपनाने निलयाचे आकुंचन कमजोर होते, ही गोष्ट पेसमेकर जन्मण्यापूर्वीच ठाऊक झालेली होती. अमेरिकेत क्लीव्हलंड येथील शरीरक्रियाशास्त्रज्ञ कार्ल विगर्स याने १९२५ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांतून ती दाखवली होती. आज्ञा नैसर्गिक तंतूंवाटे आली नाही तर आकुंचन हळूहळू चढते आणि त्याचा जोर कमी पडतो, असे त्याला आढळले. हा निष्कर्ष पुढे अनेक दशके ग्रंथालयांत पडून राहिला. त्यात नवल नाही. पुढच्या काळात डॉक्टरांसमोर उभा असलेला रोगी ठोक्यावाचून मरत होता, आणि त्याला कसाही पडलेला ठोका हवाच होता.

असा एक रोगी म्हणजे स्वीडनचा आर्ने लार्सन. वय ४३. दिवसातून वीस-तीस वेळा त्याचे हृदय थांबे आणि तो बेशुद्ध पडे. त्याच्या पत्नीने पिच्छा पुरवल्यामुळे शल्यचिकित्सक ओके सेनिंग आणि अभियंता रूने एल्मक्विस्ट यांनी घाईघाईने एक यंत्र तयार केले व ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोममध्ये ते त्याच्या शरीरात बसवले. संपूर्णपणे शरीराच्या आत ठेवलेला हा जगातील पहिला पेसमेकर. तो काही तासच चालला. त्याच्या जागी दुसरा बसवला गेला. पुढील आयुष्यात लार्सनला एकूण २६ पेसमेकर लागले. एल्मक्विस्ट १९९६ मध्ये व सेनिंग २००० मध्ये वारले. त्यांचा रोगी २००१ पर्यंत, वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत, जगला आणि त्याच्या मृत्यूचे कारण हृदयाशी संबंधित नव्हते.

लवकरच छाती न उघडता शिरेवाटे तार आत सोडण्याची पद्धत रूढ झाली. शिरेतून जाणारी तार उजव्या अलिंदातून सहजपणे उजव्या निलयाच्या टोकापर्यंत पोहोचते, म्हणून तीच जागा ठरून गेली. सोय झाली, पण त्यामुळे हृदयात जणू डाव्या शाखेचा कृत्रिम रोधच निर्माण झाला. उजवी बाजू आधी, डावी मागाहून. बहुतेक रोग्यांना याने काही अपाय होत नाही, हे येथे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. मंद नाडीसाठी पेसमेकर बसवलेल्या कोणीही हे वाचून धास्ती घेण्याचे कारण नाही. दुर्बल हृदयाची गोष्ट मात्र निराळी. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डेव्हिड’ नावाच्या चाचणीत अशा ५०६ रोग्यांचा अभ्यास होता. त्यांना घातक स्पंदनविकारांपासून संरक्षण देणारे यंत्र बसवलेले होते, पण मंद नाडीची तक्रार नव्हती. ज्यांच्या हृदयाला यंत्राने सतत ठोके दिले त्यांच्यात मृत्यू अथवा अकार्यक्षमतेमुळे रुग्णालयात दाखल होणे, यांचे प्रमाण अधिक निघाले. यंत्र ज्यांच्यात केवळ राखणदारासारखे बसून राहिले, ते अधिक बरे राहिले.

याच पुराव्याची दुसरी बाजू अशी, की उजवीकडून दिलेला ठोका जर हृदयाचा ताल बिघडवत असेल, तर डावीकडूनही त्याच क्षणी ठोका दिल्यास बिघडलेला ताल सुधारावयास हवा.

डावीकडे पोहोचण्याची वाट

या कल्पनेपर्यंत वैद्यक थेट पोहोचले नाही. १९९० मध्ये ऑस्ट्रियातील मार्गारेटे होखलाइटनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा उपाय पुढे मांडला: नेहमीचाच पेसमेकर वापरावा, फक्त अलिंद व निलय यांच्या ठोक्यांमधील अंतर कमी करावे. काही अत्यवस्थ रोग्यांना त्याने आराम पडल्याचे त्यांनी नोंदवले. इतरांनी तो काळजीपूर्वक पडताळून पाहिला तेव्हा मात्र तसा लाभ दिसला नाही. उपाय मागे पडला, तरी दुर्बल हृदयासाठी पेसमेकर वापरता येईल हा विचार त्याने चर्चेत आणला.

१९९४ मध्ये फ्रान्समधील सेर्ज काझो, फिलिप रित्तेर व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका ५४ वर्षांच्या गृहस्थाची हकीकत प्रसिद्ध केली. रोगी चौथ्या वर्गातील, डाव्या शाखेचा रोध झालेला, आणि कार्डिओग्राममधील शिखराची रुंदी २०० मिलिसेकंद. आधी तात्पुरत्या तारा घालून चारही कप्प्यांना ठोके देऊन पाहिले, तेव्हा हृदयातून बाहेर पडणारे रक्त वाढले आणि फुफ्फुसांकडील दाब उतरला. मग कायमचे यंत्र बसवण्यात आले; डाव्या निलयासाठीची तार हृदयाच्या बाहेरच्या पृष्ठभागावर टाचावी लागली. सहा आठवड्यांत त्याचे वजन १७ किलोने कमी झाले. हे सर्व वजन अंगात साचलेल्या पाण्याचे होते. पायांची सूज गेली आणि रोगी चौथ्या वर्गातून दुसऱ्या वर्गात आला. त्याच सुमारास नेदरलँड्समध्ये पॅट्रिशिया बाकर आणि त्यांचे सहकारीही याच दिशेने काम करीत होते.

परंतु अत्यवस्थ माणसाची छाती उघडून हृदयावर तार टाचणे हा सर्वांना परवडणारा उपचार नव्हे. डाव्या निलयाच्या आत तार ठेवावी, तर तिच्यावर रक्ताची गुठळी धरून ती थेट मेंदूकडे जाण्याचा धोका. यातून मार्ग निघाला तो हृदयाच्याच शरीररचनेतून. हृदयाच्या स्नायूला पुरवलेले रक्त परत आणणाऱ्या नीला हृदयाच्या मागील बाजूने एका रुंद वाहिनीत एकत्र येतात. ही वाहिनी, म्हणजे कॉरोनरी सायनस, उजव्या अलिंदातच उघडते. अर्थात उजव्या बाजूने आलेली तार या मुखातून उलट दिशेने आत सारली तर ती नीलेच्या फांदीतून डाव्या निलयाच्या बाहेरच्या भिंतीवर, नेमकी सर्वांत उशिरा जागी होणाऱ्या जागी पोहोचते. फ्रान्समधील रेन या शहरात जाँ-क्लोद दोबेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये या वाटेने कायमची तार बसवल्याचे अनुभव प्रसिद्ध केले. त्यानंतर हा उपचार खऱ्या अर्थाने व्यवहारात आला.

आज ही शस्त्रक्रिया बहुधा फक्त जागा बधिर करून करतात. हासळीच्या हाडाखाली लहानसा छेद घेऊन कातडीखाली यंत्रासाठी जागा केली जाते आणि तेथील शिरेतून तीन तारा आत सोडल्या जातात. एक उजव्या अलिंदात, एक उजव्या निलयात आणि तिसरी कॉरोनरी सायनसमधून डावीकडे. वेळ जातो तो तिसरीसाठी. प्रत्येकाच्या नीलांची ठेवण निराळी. कोठे फांदी फारच बारीक, कोठे वळण फारच तीव्र. कधी जागा उत्तम मिळते, पण शेजारूनच श्वासपटलाकडे जाणारी तंत्रिका गेलेली असते आणि मग प्रत्येक ठोक्याबरोबर रोग्याला उचकीसारखा धक्का बसू लागतो; तार हलवावी लागते. सुरुवातीच्या मोठ्या चाचण्यांत शंभरांपैकी सात-आठ रोग्यांत ही तार बसवता आलीच नव्हती. नंतरच्या काळात साधने सुधारली आणि अपयश कमी झाले.

यंत्र बसवल्यावर एक वेगळाच मुद्दा उपस्थित होतो. साधा पेसमेकर राखणदार असतो. हृदयाने स्वतः ठोका दिला तर तो गप्प राहतो. या यंत्राला तसे करून चालत नाही. अलिंदातून सुटलेली आज्ञा तावारा-गाठ ओलांडून आपल्या बिघडलेल्या वाटेने निलयात पोहोचण्यापूर्वीच त्याने दोन्ही निलयांना ठोका दिला पाहिजे, आणि तोही जवळजवळ प्रत्येक वेळी. म्हणून अलिंदाच्या ठोक्यानंतर किती मिलिसेकंद थांबायचे, हे बाहेरून संगणकाच्या साहाय्याने ठरवून द्यावे लागते. फार लवकर ठोका दिला तर निलय भरण्याआधीच आकुंचन पावतात. उशिरा दिला तर आज्ञा आधीच पोहोचलेली असते आणि यंत्राचा उपयोग होत नाही. रोग्याच्या अलिंदांत अनियमित थरथर असेल तर ही जुळणी अधिकच कठीण होते.

मोजमापाचे प्रयत्न

एका रोग्याचे वजन १७ किलोने उतरले, यावरून उपचार सिद्ध होत नाही. धापेचा रोगी यंत्र बसवले या भावनेनेही चार पावले अधिक चालतो. म्हणून चाचण्यांची रचना अशी केली गेली, की यंत्र सर्वांनाच बसवायचे, पण काहींचे चालू ठेवायचे आणि काहींचे बंद. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मस्टिक’ या युरोपीय चाचणीत प्रत्येक रोग्याने तीन महिने यंत्र चालू ठेवून व तीन महिने बंद ठेवून काढले. केव्हा काय आहे, हे त्याला सांगितलेले नव्हते. ६७ रोग्यांपैकी ४८ जणांनी दोन्ही टप्पे पूर्ण केले. सहा मिनिटांत चाललेले अंतर यंत्र बंद असताना सरासरी ३२६ मीटर, तर चालू असताना ३९९ मीटर भरले. शेवटी कोणते तीन महिने बरे गेले असे विचारता, शेकडा ८५ जणांनी यंत्र चालू असलेला काळ निवडला. पुढल्याच वर्षी अमेरिकेतील ‘मिरॅकल’ या ४५३ रोग्यांच्या चाचणीत डॉक्टर व रोगी दोघांनाही अंधारात ठेवून हाच कौल मिळाला.

मृत्यू टळतो काय, हा प्रश्न तरीही उरला होता. जॉन क्लीलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ‘केअर-एचएफ’ या चाचणीने २००५ मध्ये त्याचे उत्तर दिले. ८१३ रोग्यांपैकी अर्ध्यांना केवळ औषधे, अर्ध्यांना औषधे अधिक हे यंत्र, आणि सरासरी सुमारे अडीच वर्षे पाठपुरावा. औषधांच्या गटात १२० मृत्यू झाले, यंत्राच्या गटात ८२. म्हणजे शंभरांत तीसऐवजी वीस.

या आकड्यांचे मोल समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. दुर्बल हृदयाला जोर आणणारी औषधे पूर्वी निघाली होती. मिलरिनोन हे त्यांपैकी एक. १९९१ साली १,०८८ रोग्यांवरील चाचणीत असे आढळले, की त्याच्या गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण शेकडा २८ ने वाढते. थकल्या बैलाला पराणी टोचली तर तो चार पावले भराभर टाकतो आणि मग बसतो, तसाच हा प्रकार. दोन्ही निलयांना एकाच वेळी ठोका देण्याने काय होते? अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स येथील संशोधकांनी २००० साली दहा रोग्यांच्या हृदयाला लागणारा प्राणवायू मोजला. आकुंचन जोरकस झाले आणि प्राणवायूचा खर्च मात्र वाढला नाही, उलट किंचित कमीच झाला. वाया जाणारे श्रम वाचले होते. यंत्र स्नायूला नवी शक्ती देत नाही. असलेली शक्ती ते एकाच वेळी कामी लावते. अनेक रोग्यांत पुढील महिन्यांत फुगलेला निलय आकाराने लहान होत गेल्याचेही ‘इको’ तपासणीत दिसून आले.

कोणाला, आणि कोणाला नाही

इतके यश मिळाल्यावर त्याचा विस्तार करण्याचा मोह होणे स्वाभाविक होते. कार्डिओग्राममधील शिखर अरुंद आहे, पण ‘इको’च्या पडद्यावर भिंती मागेपुढे हलताना दिसतात, अशांनाही हे यंत्र बसवावे काय? पुष्कळ तज्ज्ञांना ते योग्य वाटत होते आणि काही ठिकाणी ते बसवलेही जात होते. ‘इको-सीआरटी’ नावाच्या चाचणीत ८०९ अशा रोग्यांना यंत्र बसवले गेले; सर्वांच्या शिखराची रुंदी १३० मिलिसेकंदांच्या आत होती. लाभाची शक्यता दिसेना म्हणून चाचणी मध्येच थांबवावी लागली, आणि २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा यंत्र चालू ठेवलेल्या गटात ४५ मृत्यू होते, तर बंद ठेवलेल्या गटात २६. ज्यांचे नैसर्गिक तंतू शाबूत आहेत त्यांच्यावर कृत्रिम ठोका लादणे म्हणजे विगर्सने १९२५ मध्ये वर्णन केलेले नुकसान विकत घेणे होय.

त्यामुळे आता निवडीचे निकष कडक आहेत. योग्य औषधे निदान तीन महिने पुरेशा मात्रेत घेऊनही त्रास कायम राहिला पाहिजे, उत्क्षेप-प्रमाण ३५ वा त्याहून कमी असले पाहिजे, आणि डाव्या शाखेचा रोध असून शिखराची रुंदी १५० मिलिसेकंद वा अधिक असेल तर लाभाची खात्री सर्वांत जास्त. १३० ते १५० यांच्या दरम्यान विचार करून निर्णय घ्यावा लागतो. १३० च्या खाली यंत्र बसवू नये. मात्र ज्याला मंद नाडीसाठी सतत ठोके द्यावेच लागणार आहेत आणि ज्याचे हृदय दुर्बल आहे, त्याला ही रुंदी लागू नाही. अशांना फक्त उजवीकडून ठोके देण्यापेक्षा दोन्हीकडून देणे बरे, हे २०१३ च्या ‘ब्लॉक-एचएफ’ चाचणीत दिसले.

निकष पाळूनही सुमारे एक-तृतीयांश रोग्यांना म्हणावा तसा गुण येत नाही. कोठे डाव्या भिंतीत जुन्या झटक्याचा व्रण असतो आणि व्रणावर ठेवलेली तार काही करू शकत नाही. कोठे तार योग्य जागी पोहोचलेलीच नसते. स्त्रियांना पुरुषांपेक्षा अधिक गुण येतो, असे अनेक चाचण्यांत आढळले आहे.

दोन तारांनी दोन्ही बाजूंना ठोके देणे हा काही नैसर्गिक मार्ग नव्हे. ती एक तडजोड आहे. बंद पडलेल्या मोठ्या रस्त्याच्याच पुढच्या भागात निरोप पोहोचवता आला तर? अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील सेयर या गावी प्रमोद देशमुख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली हिसच्या तंतुगुच्छावरच कायमची तार बसवण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. १८ रोग्यांपैकी १२ जणांत ते साधले. गुच्छ हा काही मिलिमीटर जाडीचा आणि तार त्यावर नेमकी रोवायची, त्यामुळे काम जिकिरीचे. चीनमधील वेनझोऊ येथील वेइच्येन ह्वांग यांनी २०१७ मध्ये याहून सुकर वाट दाखवली. उजव्या निलयातून पडद्यात तार खोलवर रोवत नेऊन डाव्या शाखेलाच, रोधाच्या पलीकडे, उद्दीपित करायचे. एका तारेत काम भागते, शिखर पुन्हा अरुंद होते. २०२२ मध्ये ४० रोग्यांच्या एका लहान चाचणीत या पद्धतीने उत्क्षेप-प्रमाणात अधिक सुधारणा दिसली. चाळीस ही संख्या आयुर्मानाविषयी काही सांगण्यास अगदीच अपुरी आहे. तरीही साध्या पेसमेकरच्या किमतीत हे काम होण्याची शक्यता असल्याने भारतासारख्या देशात तिच्याकडे विशेष लक्ष लागले आहे.

किमतीचा प्रश्न येथे टाळता येण्यासारखा नाही. तीन तारांचे यंत्र लाखो रुपयांना पडते, आणि विद्युत्-घट संपला की काही वर्षांनी यंत्र बदलावे लागते. मुंबईच्या होली फॅमिली रुग्णालयात यावर एक धाडसी वाट चोखाळली गेली. अमेरिकेत मृतांच्या शरीरातून अथवा बदलाच्या वेळी काढलेली, अजून आयुष्य शिल्लक असलेली १०६ संरक्षक यंत्रे निर्जंतुक करून, नवे यंत्र परवडत नसलेल्या ८१ रोग्यांना बसवण्यात आली. ही यंत्रे प्राणघातक स्पंदन धक्का देऊन मोडणारी, म्हणजे वर वर्णिलेल्या यंत्राच्या जवळच्या नात्यातील. २०१२ मध्ये त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला तेव्हा पुनर्वापरामुळे संसर्ग झाल्याचे आढळले नव्हते.

पण यंत्रापर्यंत पोहोचण्यापूर्वीच पुष्कळ रोगी वाटेत गळतात. त्रिवेंद्रममध्ये २०१३ साली अकार्यक्षमतेच्या १,२०५ रोग्यांची नोंद ठेवण्यात आली. त्यांचे सरासरी वय ६१ होते. पाश्चात्त्य देशांतील अशा रोग्यांपेक्षा सुमारे दहा वर्षांनी कमी. उत्क्षेप-प्रमाण घटलेल्यांपैकी रुग्णालयातून घरी जाताना सर्व योग्य औषधे मिळालेले रोगी जेमतेम एक-चतुर्थांश होते. औषधांची मात्रा पुरी झाल्याशिवाय यंत्राची गरज ठरत नाही, आणि ती ठरवणारी दुसरी गोष्ट, म्हणजे कागदाच्या पट्टीवरील त्या शिखराची रुंदी, तालुक्याच्या रुग्णालयातही काही मिनिटांत मोजता येते. पट्टीवरील एक लहान चौकोन म्हणजे ४० मिलिसेकंद. तीन चौकोन भरले तर रुंदी १२० झाली, चार भरले तर १६०.